बाहेरच्या खोलीपर्यंत केबल

२ नोव्हेंबर, रविवार

आजपासून रोजनिशी कॉम्प्युटरवर. वह्या या घरात टिकत नाहीत. मागच्या वहीच्या शेवटच्या पानांवर आईनं गिऱ्हाइकांची मापं लिहून ठेवली आणि पहिल्या पानावर, माझ्या ध्येयाच्या बरोबर खाली, बाबांनी पेन चालतं का ते गिरवून बघितलं. चालत होतं.

आमच्याकडे खोल्यांना दारं आहेत, पण ती लावायची पद्धत नाही. लावलं की आत्या बाहेरून विचारते, बरं नाही का? कोणाच्याही नावाचं पाकीट आलं की जो दारात असेल तो फोडतो, वाचतो आणि जेवताना मजकूर सांगतो. खासगीपणा ही कल्पना इथे अजून पोचलेली नाही. माझ्याबरोबरच पोचणार.

फाइलला नाव दिलं: ‘खासगी – उघडू नये’. पासवर्ड घातला नाही. विश्वासावर माझा विश्वास आहे. शिवाय फाइल आणि फोल्डर यातला फरक घरात माझ्याशिवाय कोणालाच माहीत नाही.

आता मुख्य गोष्ट. मुलाखत दिली होती त्या संस्थेची मेल आली. निवड झाली! दोन वर्षं, एका रात्रीचा प्रवास करून जायचं अशा गावात, बायकांना कॉम्प्युटर शिकवायचा. याचसाठी मी शिकले. २५ तारखेपर्यंत होकार कळवायचा आहे.

घरी सांगितलेलं नाही. कसं सांगणार? मी या घरातली पहिली पदवीधर. मी गेले तर बाबांच्या प्रिंटरमध्ये अडकलेला कागद कोण काढणार? आईची काय अवस्था होईल, याची कल्पना करवत नाही.

केली. डोळ्यांत पाणी आलं.

३ नोव्हेंबर

मार्ग सापडला.

बाबा दुकानांच्या पाट्या, शिक्के आणि व्हिजिटिंग कार्डं बनवतात. त्यांची आजवरची सगळी डिझाइनं बाहेरच्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये आहेत. तो सुरू होताना आधी खोकतो, मग पंखा लागतो, मग बराच वेळ काहीच नाही. बाबा तेवढ्यात दाढी करून येतात. तो कधीही जाईल आणि त्याच्याबरोबर बाबांचा धंदा जाईल. नवा कॉम्प्युटर आतल्या खोलीत, माझ्याकडे आहे.

तर दोन्ही कॉम्प्युटर केबलनं एकमेकांना जोडायचे आणि बाबांचं सगळं काम नव्यात आणायचं. मग हे घर माझ्याशिवाय सुरक्षित असेल आणि मी मोकळ्या मनानं जाऊ शकेन. निश्चय: आधी जोडणी, मग होकार. पुस्तकात म्हटलंय की अर्ध्या तासाचं काम आहे. या घरातले अडथळे धरून दोन दिवस देते.

जेवताना योजना सांगितली (जाण्याचा भाग सोडून). दादा म्हणाला की तो डिलिव्हरीच्या व्हॅनवरच्या कोणाकडून तरी पेन ड्राइव्ह आणतो, एका दुपारात सगळं इकडचं तिकडे होईल. मी त्याला समजावलं की पेन ड्राइव्ह म्हणजे बादलीनं पाणी भरणं. मला नळ जोडायचा आहे. दादा म्हणाला, तहान लागलीय तर बादली काय वाईट. त्यानं माझ्या शिक्षणासाठी स्वतःचं सोडलं, हे मी कधीच विसरत नाही. पण त्याचे परिणाम बोलण्यात दिसतात.

५ नोव्हेंबर

केबल आणली. कमी पडली.

चूक माझी नाही. मी अंतर बरोबर मोजलं होतं, सरळ रेषेत. मध्ये भिंत आहे. भिंतीला वळसा घालावा लागतो, ही घराच्या रचनेतली उणीव.

तात्पुरता उपाय म्हणून माझं टेबल खोलीच्या मधोमध ओढलं. आता पलंगावर जायला टेबलाखालून जावं लागतं. दादा दारात उभा राहून म्हणाला, प्राचार्य, टोल कुठे भरायचा? हे ‘प्राचार्य’ त्यानं माझ्या निकालाच्या दिवसापासून सुरू केलंय. आज पाहुण्यांसमोरही म्हणाला.

७ नोव्हेंबर

दुसरी केबल. लांब. खिडकीच्या गजांमधून, बोळातून, आईच्या शिवणाच्या मशीनमागून, बाबांच्या टेबलापर्यंत. खिळे ठोकून पक्की केली. एक खिळा बाबांच्या नमुन्याच्या पाटीतून गेला, ‘आपले स्वागत आहे’मधल्या ‘स्वा’मधून. बाबा काही बोलले नाहीत. भारावले असावेत.

आत्या बराच वेळ उभी राहून बघत होती. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. निवृत्त झाल्यापासून आमच्याकडेच. सगळी नोकरी वायरी खोचण्यात गेली, त्यामुळे तिला वाटतं हे सगळं तिच्याच खात्यातलं आहे. तिनं विचारलं, कोणाचं कोणाला ऐकू जाणार? मी शांतपणे सांगितलं की हे टेलिफोन नाहीत, इथे आवाजाचा संबंध नाही, डेटा जातो. आत्या म्हणाली, आमच्याकडे जोडून दिल्यावर कानावरचं काढून ठेवायचा नियम होता. कोणी काढत नसे.

जुन्या पिढीला आठवणींतून बाहेर काढणं अवघड आहे.

८ नोव्हेंबर

केबल जोडली. काहीच झालं नाही.

वाचन केलं. नुसती वायर पुरत नाही. दोन्ही कॉम्प्युटरना पत्ता लागतो आणि नाव लागतं. माझ्याचं नाव ‘प्रबोधन’ ठेवलं. बाबांच्याला विचारलं काय ठेवू, तर ते म्हणाले, बाहेरची खोली. तेच ठेवलं.

उद्या नक्की.

९ नोव्हेंबर, रविवार

महत्त्वाचा दिवस. सविस्तर लिहिते.

कॉम्प्युटर विचारतो, तुमच्यातलं काय काय दुसऱ्याला दिसू द्यायचं? दुसऱ्याकडून मागण्याआधी आपण आपलं दार उघडावं, हे माझं तत्त्व आहे. म्हणून कंजूषपणा न करता सगळं निवडलं. कोणाला? सर्वांना. वाचू द्यायचं की बदलूही द्यायचं? दोन्ही. टिचकी मारताना छान वाटलं. आयुष्यात सगळे प्रश्न असे असते तर.

मग बाबांच्या कॉम्प्युटरवर तेच करायला गेले. त्यानं पासवर्ड मागितला. रोजच्या कामाला लागत नाही, पण दार उघडायचं म्हटलं की मागतो. बाबांना आठवेना. तो ज्या दुरुस्तीवाल्यानं घातला होता तो आता माशांच्या पेट्या विकतो. त्याला फोन केला. तो म्हणाला, माझंच नाव असेल बहुतेक. त्याचं नाव घातलं, उलटं घातलं, त्याच्या बायकोचं घातलं. नाही.

परत आत आले. माझ्या पडद्यावर ‘बाहेरची खोली’ असं छोटं चित्र दिसतं. उघडायला गेलं की उत्तर: परवानगी नाही.

म्हणजे जोडणी झालेली नाही.

सगळ्यांना बोलावून परिस्थिती सांगितली. माझ्याकडून दार पूर्ण उघडं आहे, पण समोरून बंद आहे. समाजाचंही असंच असतं, हेही सांगितलं. दादानं विचारलं, म्हणजे तिकडून तुझं दिसत असेल? मी म्हटलं, अर्धवट माहितीवर प्रश्न विचारू नयेत. जोडणीच झालेली नसताना दिसेल कुठून?

केबल तशीच ठेवलीय. पासवर्डचं बघते.

१० नोव्हेंबर

मनाची घुसमट. इथेच लिहून मोकळी होते, दुसरं कोण आहे.

एक. शाळेच्या ऑफिसातून दमून येते, पण आज दिवस कसा गेला असं आई कधीच विचारत नाही. दोन. बाबा गिऱ्हाइकांसमोर मला ‘अगं ए’ म्हणून हाक मारतात. तीन. ‘प्राचार्य’. चार. माझ्या केबलवर कोणीतरी टॉवेल वाळत घातला होता. ओला. तंत्रज्ञानाबद्दल आदर नाही, तर निदान विजेबद्दल भीती असावी.

कधीकधी वाटतं, या घरात मी एकटीच जागी आहे.

ऑफिसला जाताना कॉम्प्युटर चालूच ठेवते. सारखं बंद-सुरू केल्यानं यंत्राचं आयुष्य घटतं.

१२ नोव्हेंबर

विलक्षण दिवस! दार उघडून आत आले तर आई मशीन थांबवून उभी राहिली आणि म्हणाली, आज दिवस कसा गेला? शाळेतल्या मुलानं कविता म्हणावी तसं म्हणाली, हात मागे धरून. मी सांगायला सुरुवात केली तेव्हा ती परत मशीनवर बसली होती, पण विचारलं हे महत्त्वाचं.

संध्याकाळी बाबांकडे गिऱ्हाईक होतं. पाटीवर कुठला रंग उठून दिसेल असं त्यानं विचारलं. बाबा म्हणाले, आमच्या पदवीधर मुलीला विचारून सांगतो. गिऱ्हाईक म्हणालं, लाल चालेल.

टॉवेलही नव्हता.

मी यातल्या एकालाही एका शब्दानं बोलले नव्हते. नुसत्या वागण्यातून माणसं बदलतात, असं मी मुलाखतीत म्हटलं होतं, तेव्हा समोरच्या बाई हसल्या होत्या. त्यांना हे कळवायला हवं.

१३ नोव्हेंबर

नवी तांत्रिक अडचण. रोजनिशी उघडायला गेले तर कॉम्प्युटर म्हणाला: ही फाइल सध्या दुसऱ्या कोणीतरी उघडलेली आहे.

दुसरं कोण? खोलीत मी एकटी. टेबलाखालीही बघितलं.

चहा करायला बाहेर गेले. आत्या बाबांच्या कॉम्प्युटरसमोरून उठत होती. म्हणाली, घड्याळ बघत होते. घड्याळ भिंतीवर आहे. परत आले तर फाइल व्यवस्थित उघडली. यंत्र तापलं असणार. टेबल फॅन त्याच्याकडे वळवला. मला उकडतंय, पण ते चालेल.

पासवर्डचं काम राहिलं.

१५ नोव्हेंबर

रोज संध्याकाळी तेच: दुसऱ्या कोणीतरी उघडलेली आहे. चहा घेतला की ठीक होतं. चहामुळे नव्हे, मध्ये गेलेल्या वेळामुळे.

आज आत्याबद्दल विचार करत होते. तिचं पूर्ण आयुष्य दुसऱ्यांची बोलणी जोडून देण्यात गेलं. स्वतःचं असं काय आहे तिच्याकडे? लोकांच्या गोष्टी ऐकायच्या आणि गप्प बसायचं. मला तिची दया येते. मी तशी होणार नाही. मी गेले की तिला माझ्यासारखं कोणी समजून घेणार नाही, हाही विचार आहेच.

१६ नोव्हेंबर, रविवार

आत्यानं चहा आणून दिला. साखर नव्हती. सांगितलं तर म्हणाली, दया केली, दुधाचा तरी दिला.

वय झालंय. वाक्यं जुळत नाहीत. आईला सांगून ठेवायला हवं की तिच्याकडे लक्ष द्या. आईला सांगायला गेले तर आईला जोराचा खोकला आला.

१७ नोव्हेंबर

हार्डडिस्क भरली! सहा महिन्यांपूर्वीचा नवा कॉम्प्युटर, त्यात माझे दोन निबंध, एक रोजनिशी आणि पदवीदानाचे फोटो. एवढ्यानं कशी भरेल? कंपन्या लोकांना फसवतात. आकारमान वाढवून सांगतात. यावर संस्थेत गेल्यावर बायकांशी बोलायला हवं.

‘गेल्यावर’ असं लिहून गेले. अजून काहीच ठरलेलं नाही. जोडणीशिवाय जाणार नाही, हे स्वतःला परत बजावते.

जागा व्हावी म्हणून पदवीदानाचे फोटो उडवले. एक ठेवला.

१८ नोव्हेंबर

आज लवकर सुटले. घरी आले तर आई आणि बाबा माझ्या खोलीत. आईच्या हातात माप घ्यायची टेप, खिडकीला लावलेली. बाबा भिंतीशी पावलं टाकत होते. मला बघून दोघंही थांबले. आई म्हणाली, सहज. बाबा म्हणाले, भिंत किती सरळ आहे ते बघत होतो. मग बाहेर जाऊन दोघं हळू आवाजात भांडले. उजेड, उजेड, असं आई म्हणत होती.

पडदे. मला पडदे शिवून देणार आहेत. मला काही कळलंच नाही असं दाखवलं. रंग फिका असावा, असं मात्र सुचवायला हवं, बोलण्याच्या ओघात.

आणि अशा माणसांना सोडून मी जायचं?

१९ नोव्हेंबर

निर्णय झाला. जात नाही.

जोडणी झालेली नाही, ही वस्तुस्थिती. बाबांचं काम अजून त्या खोकणाऱ्या यंत्रात अडकलंय. तशा परिस्थितीत पाय काढणं म्हणजे पळपुटेपणा. माझी स्वतःची इच्छा प्रचंड आहे, हे इथे नोंदवून ठेवते. पण इच्छेपेक्षा कर्तव्य मोठं.

निर्णय घेतल्यावर एकदम हलकं वाटलं. भूक लागली. त्यागानं मन प्रसन्न होतं ते असं.

नकाराचा मसुदा लिहायला घेतला. ‘नकार – खासगी’ अशी वेगळी फाइल. पहिलं वाक्य: ज्या घरानं मला घडवलं ते घर आज माझ्या खांद्यावर उभं आहे. चांगलं उतरलंय.

दादानं संध्याकाळी हसू दाबत पुन्हा विचारलं, पेन ड्राइव्ह आणू का. मी त्याला म्हटलं, वेळ गेली.

२१ नोव्हेंबर

मसुदा तीन पानांचा झाला. नकार तिसऱ्या पानावर येतो. त्याआधी भूमिका आहे.

दादानं कामावरून मोठी रिकामी खोकी आणली. चांगली, जाड पुठ्ठ्याची. कोणासाठी, तर म्हणे कोणीतरी गाव सोडून चाललंय. कोण, तर म्हणे अजून त्याला माहीत नाही. स्वतः गाव सोडणाऱ्यालाच माहीत नाही, असली माणसं असतात! हसले मी. दादा नाही हसला. मी तीच खोकी टेबलाच्या पायाखाली लावून केबल सैल केली.

‘नकार’ फाइलसुद्धा संध्याकाळी दुसऱ्या कोणीतरी उघडलेली होती. कॉम्प्युटर दुरुस्तीला द्यावा लागेल.

२२ नोव्हेंबर

आज मसुद्यातली ‘खांदा’ आणि ‘उभं’ ही जागा पुन्हा पाहिली. उद्या जेवताना घरच्यांना सगळं सांगणार. आधी निवड, मग त्याग. मध्ये थोडं थांबायचं, म्हणजे त्यांना धक्का पचवायला वेळ मिळेल. आईजवळ पाण्याचा तांब्या ठेवायचा.

२३ नोव्हेंबर, रविवार

दोन ओळी लिहून उडवल्या. तरी क्रमानं लिहिते.

जेवण अर्धं झाल्यावर मी म्हटलं, मला सगळ्यांना काहीतरी सांगायचंय. संस्थेनं माझी निवड केली होती. आणि थांबले. कोणीही घास खाली ठेवला नाही. आईनं मला वाढलं.

म्हणून पुढचं सांगितलं. की मी नकार कळवणार आहे. तुमच्यासाठी.

बाबा ताटाकडे बघत म्हणाले, परवा शेवटची तारीख आहे ना?

मी तारीख सांगितलेली नव्हती.

मग कळत गेलं. मी विचारत गेले आणि ते सांगत गेले, लपवायचं काही कारण नसल्यासारखं. नऊ तारखेलाच संध्याकाळी दादा बाबांच्या कॉम्प्युटरवर पत्ते खेळायचा गेम शोधत होता, त्याला ‘प्रबोधन’ दिसलं, त्यानं टिचकी मारली आणि माझं सगळं समोर आलं. माझ्याकडून दार पूर्ण उघडं होतं. मीच सांगितलं होतं सगळ्यांना बोलावून. ‘उघडू नये’ लिहिलेली फाइल त्यांनी पहिल्यांदा उघडली.

आत्या रोज संध्याकाळी मोठ्यानं वाचायची, आई मशीन चालवता चालवता ऐकायची. जिथे आईला ऐकू यायचं नाही तिथे ती पाय थांबवायची. बाबांनी तीन दिवसांनी वाचणं सोडलं, मुलीचं असं वाचू नये म्हणाले. पण पुढे काय झालं ते रोज विचारायचे, असं आत्या म्हणाली. बाबा म्हणाले, विचारणं वेगळं.

मी म्हटलं, हा विश्वासघात आहे. आई म्हणाली, दिवस कसा गेला ते विचारत होते ना मी. त्यासाठी तुला ते हवंय हे आधी माहीत नको का?

आत्या म्हणाली, ती ‘दया’ मात्र मनाला लागली. एक्स्चेंजमध्ये तिनं अख्ख्या गावाचं ऐकलं, सासवांचं, सुनांचं, डॉक्टरचं, एकही गोष्ट तोंडातून बाहेर काढली नाही. आणि तिच्याबद्दल पहिल्यांदाच कोणीतरी काही लिहिलं, तर ते हे, असं म्हणाली.

तरी मी मुद्दा सोडला नाही. म्हटलं, बाबांची डिझाइनं? ती अजून जुन्यातच आहेत. जुना बंद पडला तर काय कराल तुम्ही? मी कशी जाऊ?

दादा म्हणाला की ती केव्हाच माझ्या कॉम्प्युटरमध्ये टाकली. तिकडून दिसतं तर तिकडून टाकताही येतं. एकदा टाकली, पण गेली की नाही याची खात्री वाटेना म्हणून परत टाकली. मग बाबांनी त्यांच्या समाधानासाठी आणखी एकदा टाकली.

म्हणजे हार्डडिस्क.

म्हणजे माझे पदवीदानाचे फोटो.

मग आई आणि बाबा माझ्या खोलीवरून भांडायला लागले, माझ्यासमोरच. आईला खिडकीच्या उजेडात मशीन लावायचंय, बाबांना त्या भिंतीला अक्षरं कापायचं यंत्र लावायचंय. माप झालंय. दोन्ही मावत नाहीत. मी म्हटलं, मी अजून गेलेली नाही. दोघंही गप्प झाले, पण माझ्यामुळे नाही, आत्यानं हात वर केला म्हणून.

आत्या माझ्याकडे वळली. हसत नव्हती.

“सगळं वाचलं मी. पहिल्यापासून. आईचं काय होईल लिहिलंस, बाबांच्या प्रिंटरचं लिहिलंस, समाजाचं तर फारच लिहिलंस. तुला तिथे जायची भीती वाटते, एवढंच कुठे सापडलं नाही. दोनदा शोधलं.”

मी ताट घेऊन उठले. ताट धुतलं. आधीच धुतलेलं पातेलंही धुतलं.

२४ नोव्हेंबर

केबल काढली. खिळ्यांसकट. भिंतीला भोकं पडली आहेत.

कोणाशी बोलत नाही. निषेध म्हणून. ऑफिसातून आले तेव्हा आईनं विचारलं, आज दिवस कसा गेला? उत्तर दिलं नाही. तिनं वाट बघितली. या वेळी हात मागे नव्हते.

कॉम्प्युटरमध्ये शोधलं. खरंच आहेत. ‘आमचं’, ‘आमचं परत’ आणि ‘आमचं बाबांच्या समाधानासाठी’. एकेक उघडून पाहिली. गावातल्या सगळ्या दुकानांच्या पाट्या, वर्षानुवर्षांच्या. सलूनची, चष्म्याच्या दुकानाची, बंद पडलेल्या थिएटरची. सगळ्या शाबूत. कधी टाकलंय त्याची तारीखही दिसते: तेरा.

म्हणजे गेले अकरा दिवस जोडणी झालेली आहे. मी स्वतःला घातलेली अट तेव्हाच पूर्ण झाली. तांत्रिकदृष्ट्या.

भीतीबद्दल आत्याचं म्हणणं चूक आहे. त्याची कारणं उद्या सविस्तर लिहीन.

तो मसुदा अजून आहे. नकार तिसऱ्या पानावर. पहिली दोन पानं चांगली आहेत, ती कुठेतरी वापरता येतील.

२५ नोव्हेंबर

ऑफिसला सुट्टी टाकून कारणं लिहायला बसले. एकही आलं नाही.

नकाराचा मसुदा उडवला. दोन चांगल्या पानांसकट. होकार लिहायला घेतला. पहिला परिच्छेद घराच्या खांद्यांवर झाला, काढला. दुसरा समाजावर झाला, काढला. राहिली एक ओळ: मी येते आहे.

पाठवण्याआधी बाहेर जाऊन आईला विचारलं, नक्की जाऊ ना? ती सुईत दोरा ओवत होती. म्हणाली, जा. आत आले. परत बाहेर गेले. परत विचारलं. आता तिनं सुई खाली ठेवली आणि माझ्याकडे नीट बघितलं. मला वाटलं, आता. आता रडेल. ती म्हणाली, टेबल आज हलवतेस का? ऊन आहे तोवर मशीन लावून बघितलं असतं.

बाबा तिथेच होते. त्यांनी विरोध केला. भिंतीसाठी.

पाठवला होकार. लगेच उत्तर आलं, आपोआप येतं तसलं: आपला संदेश मिळाला.

मग टेबल. दादानं एक बाजू धरली, मी दुसरी. आतल्या खोलीतून बाहेर काढताना मी त्याला म्हटलं, भीती वाटतेय रे. जरा मोठ्यानंच निघालं. बाहेर आईच्या मशीनचा आवाज थांबला.

दादा उलटा चालत होता. म्हणाला, पाय बघ, उंबरा आहे.